विश्लेषण : ना जिप्सी, ना वाघाची हमी, ना रेंज… तरी सिंधुदुर्गच्या जंगलात सहकुटुंब सुट्टी का घालवावी?

मालवण म्हटले की किल्ला, स्कूबा आणि मासळीचे ताट आठवते. पण याच जिल्ह्यात समुद्रापासून दोन-अडीच तासांच्या अंतरावर वाघाचा वावर असलेले जंगल आहे, जगात इतरत्र न सापडणारा बेडूक आहे आणि बऱ्याच ठिकाणी मोबाइलला रेंज नाही. ऑफिसचे ग्रुप आणि मुलांचे रील्स यांपासून चार दिवस लांब राहू पाहणाऱ्या कुटुंबासाठी हे जंगल कसे आहे, कधी जावे, काय काळजी घ्यावी आणि आपल्या फोनचा जंगलाशी काय संबंध, याचा हा आढावा.

सिंधुदुर्गात जंगल नेमके कुठे?

१ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झालेला हा जिल्हा एका बाजूने अरबी समुद्राला आणि दुसऱ्या बाजूने सह्याद्रीला टेकलेला आहे. पर्यटकांचा ओढा किनाऱ्याकडे म्हणजे मालवण, तारकर्ली, देवबाग, वेंगुर्ल्याकडे असतो. दाट जंगल आहे ते पूर्वेला आणि दक्षिणेला, प्रामुख्याने सावंतवाडी आणि दोडामार्ग या तालुक्यांत.

यातले तीन भाग कुटुंबाच्या दृष्टीने महत्त्वाचे. पहिला आंबोली-चौकुळ-गेळे हा घाटमाथा. आंबोली सावंतवाडीपासून साधारण ३० किलोमीटरवर, सुमारे ७०० मीटर उंचीवर आहे. वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारे हे राज्यातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांपैकी एक. दुसरा भाग तिलारीचा. दोडामार्ग वनपरिक्षेत्रातील २९.५३ चौरस किलोमीटर क्षेत्र जून २०२० मध्ये ‘तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र’ म्हणून घोषित झाले. तिसरा भाग पाण्याखालचा आहे. १३ एप्रिल १९८७ रोजी अधिसूचित झालेले मालवण सागरी अभयारण्य २९.१२ चौरस किलोमीटरचे असून सिंधुदुर्ग किल्ला आणि पद्मगडाचा परिसर त्यात येतो. पर्यटकांपैकी अनेक जण या अभयारण्यातून बोटीने जाऊन येतात, पण आपण अभयारण्यात होतो हे त्यांच्या गावीही नसते.

ताडोबापेक्षा हे जंगल वेगळे कसे?

ताडोबात दार आहे, तिकीट आहे, जिप्सी आहे आणि वाघ दिसण्याची शक्यता बरीच आहे. तिलारी-आंबोली पट्ट्यात यातले फारसे काही नाही. कॅमेरा ट्रॅपमध्ये वाघ टिपला गेला आहे, बिबट्या आणि गवे आहेत. पण सदाहरित, निमसदाहरित जंगल इतके दाट की दहा पावलांवरचा गवाही दिसेलच असे नाही.

कायद्याच्या भाषेतही फरक आहे. ‘संवर्धन राखीव क्षेत्र’ हा प्रकार वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने आला. राष्ट्रीय उद्याने आणि अभयारण्ये यांना जोडणारे पट्टे जपणे हा त्याचा हेतू. इथे स्थानिकांचे हक्क कायम राहतात, गावे उठवली जात नाहीत. तिलारीचे जंगल गोव्यातील म्हादई आणि कर्नाटकातील भीमगड अभयारण्यांना उत्तरेकडच्या राधानगरीशी जोडते. वाघाच्या दृष्टीने हा जाण्यायेण्याचा रस्ता आहे, मुक्कामाचे घर पुढे मागे. त्यामुळे इथे वाघ ‘दाखवण्याचा’ धंदा चालत नाही आणि कोणी तशी हमी देत असेल तर सावध राहावे.

मग बघायचे काय? लहान गोष्टी. आंबोली टोड हा जेमतेम बोटाएवढा बेडूक आंबोली परिसराबाहेर आढळत नाही आणि तो ‘अतिसंकटग्रस्त’ गणला जातो. पहिल्या पावसात जांभ्या दगडाच्या सड्यावर जी उथळ डबकी साचतात, त्यांत त्याची वीण होते. हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडात ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ हा मासा आहे. तेजस ठाकरे आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी या ठिकाणचे २.११ हेक्टर क्षेत्र जैवविविधता वारसा स्थळ झाले. दोडामार्ग तालुक्यातील हेवाळे-बांबर्डे येथे रानजायफळाच्या झाडांची पाणथळ देवराई आहे. तिलाही २०२१ मध्ये वारसा स्थळाचा दर्जा मिळाला. देवाच्या धाकाने गावाने राखलेले हे जंगल सरकारी कागदावर यायला एवढा काळ गेला.

कोणत्या महिन्यात काय दिसते?

जून ते सप्टेंबर हा आंबोलीचा खरा हंगाम. ताडोबाचे गाभा क्षेत्र पावसाळ्यात बंद असते, तेव्हा आंबोली जागी होते. पाण्यावर झुकलेल्या फांदीला फेसाचे घरटे बांधणारा मलबार ग्लायडिंग बेडूक, हिरव्या-तपकिरी रंगांचा मलबारी चापडा (विषारी साप), बुरशी, गोगलगायी, सड्यावरची रानफुले, सगळे याच काळात दिसते. शाळेच्या वेळापत्रकाचे गणित मात्र जुळवावे लागते. कोकणात शाळा जूनच्या मध्याला उघडतात आणि पाऊस साधारण त्याआधी आठवडाभर पोहोचतो. म्हणजे जूनचा दुसरा आठवडा ही कुटुंबासाठी छोटी पण नेमकी खिडकी. पावसाचा नेम नसतो हेही खरे. २०२५ मध्ये मोसमी पाऊस २५ मे रोजीच देवगडपर्यंत पोहोचला होता.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा पक्ष्यांचा आणि पायी भटकंतीचा काळ. धनेश, ज्याला कोकणात माडगरूड म्हणतात, उंबर किंवा वडाची फळे पिकली की दिसण्याची शक्यता वाढते. आंबोलीच्या झाडांत शेकरूही आहे. याच काळात समुद्र शांत असतो. डॉल्फिन बघण्यासाठी सकाळची बोट घेता येते.

फेब्रुवारी ते एप्रिल किनाऱ्यावर कासवांचा. वेंगुर्ल्याजवळच्या वायंगणीसह काही किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. एका घरट्यात शंभरच्या वर अंडी असतात आणि ४५ ते ६० दिवसांत पिल्ले बाहेर येतात. स्थानिक कासवमित्र आणि वनविभाग घरट्यांना जाळीचे संरक्षण देऊन पिल्ले समुद्रात सोडतात. ती नेमकी कोणत्या दिवशी निघतील हे कोणी सांगू शकत नाही. मुक्काम दोन रात्रींचा ठेवला तर बरे.

मे महिन्याच्या सुट्टीत जाणार असाल तर काजवे आणि करवंदे-जांभळे ही मुलांसाठीची मेजवानी. मेअखेर ते ऑगस्टअखेर सिंधुदुर्ग किल्ल्याची प्रवासी बोट आणि स्कूबा सामान्यतः बंद असतात, हे लक्षात ठेवून बेत आखावा.

मुलांना कंटाळा येणार नाही का?

पहिला दिवस बहुधा येईल. स्क्रीनवर दर काही सेकंदांनी नवे काहीतरी येते, जंगलात अर्धा तास काहीच ‘घडत’ नाही. त्यावर उपाय एकच, मुलांना बघायला नव्हे तर शोधायला सांगणे. मलबारी शीळकरी कस्तूर या पक्ष्याला इंग्रजीत शीळ घालणाऱ्या शाळकरी पोराचे टोपणनाव आहे, कारण तो खरोखरच वाट चुकलेल्या सुरात रमतगमत शीळ घालतो. पावसाळ्यात पहाटे आंबोलीत तो ऐकू येतो. ‘शीळ कुठून येतेय ते सांग’ एवढे काम दिले तरी आठ-दहा वर्षांचे मूल पाऊण तास गुंतते.

दुसरा उपाय वही. दिवसभरात दिसलेले दहा जीव, त्यांचा रंग, कुठे दिसले, काय करत होते, एवढे लिहायचे. नाव माहीत नसले तरी चालते. रात्री घरमालकाला किंवा वाटाड्याला विचारायचे. तो मालवणीत नाव सांगेल, आई-बाबांना प्रमाण मराठीतले माहीत नसेल, मग आजी-आजोबा आठवू लागतील. अशा वेळी आजी-आजोबा बरोबर असतील तर त्यांचाही वेळ सुरेख जातो. सकाळी घावणे आणि दुपारी कुळथाची पिठी भात असला की घरगुती मुक्कामात वेगळी करमणूक लागत नाही.

फोन बाजूला ठेवल्याने खरेच फरक पडतो का?

थोडा पडतो, पण चमत्काराची अपेक्षा नको. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रेचेल आणि स्टीफन कॅप्लन यांनी १९८९ मध्ये मांडलेली कल्पना अशी की कामात लागणारे ‘मुद्दाम दिलेले’ लक्ष थकते. पान हलणे, पाणी वाहणे यांसारख्या गोष्टींकडे लक्ष आपोआप जाते आणि त्या वेळात थकलेल्या लक्षाला विश्रांती मिळते. इंग्लंडमधील सुमारे २० हजार लोकांच्या माहितीवर आधारित २०१९ च्या अभ्यासात आठवड्याला किमान १२० मिनिटे निसर्गात घालवणाऱ्यांनी स्वतःचे आरोग्य आणि समाधान अधिक चांगले असल्याचे सांगितले. अर्थात निसर्गात गेल्यामुळे माणसे ठणठणीत झाली की ठणठणीत माणसेच जास्त बाहेर पडतात, याचा निवाडा अशा पाहणीतून होत नाही.

फोनबाबत टेक्सास विद्यापीठाचा २०१७ चा प्रयोग गाजला. फोन बंद असला तरी तो टेबलावर ठेवणाऱ्यांची कामगिरी, फोन दुसऱ्या खोलीत ठेवणाऱ्यांपेक्षा कमी भरली. बॅकग्राउंडला चालणारे ॲप जशी बॅटरी खाते तसाच हा प्रकार. नंतरच्या काही अभ्यासांत हा परिणाम तितका ठळक दिसला नाही. तरी सुट्टीपुरता धडा सोपा आहे. फोन खिशात ‘सायलेंट’ ठेवण्यापेक्षा बॅगेत किंवा खोलीत ठेवलेला बरा.

सामूहिक नियमाचा उपयोग होतो याचे उदाहरण आपल्याकडेच आहे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे ऑगस्ट २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बंद राहतात. एकट्याने फोन बंद केला तर तो शिक्षा वाटतो, सगळ्यांनी एकदम केला तर रिवाज होतो. कुटुंबानेही तेच करावे. उदाहरणार्थ, रात्री साडेसात ते आठ फोनची वेळ, बाकी वेळ सर्वांचे फोन एका पिशवीत. यात आई-बाबांना सूट नाही, हा नियम मुले स्वतःहून पाळायला लावतील.

ऑफिसचा फोन आला तर?

फ्रान्समध्ये २०१७ पासून आणि ऑस्ट्रेलियात ऑगस्ट २०२४ पासून कामाच्या वेळेनंतर संपर्कात न राहण्याच्या हक्काला कायद्याचा आधार आहे. भारतात तसा कायदा नाही. खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत या विषयावर खासगी विधेयक मांडले होते, ते कायद्यात उतरले नाही. म्हणजे सध्या तरी सुट्टी वाचवणे हे ज्याचे त्याने करायचे काम आहे.

व्यवहारात तीन गोष्टी उपयोगी पडतात. निघण्याच्या आठवडाभर आधी ‘या तारखांना रेंज नसेल’ असे लेखी कळवणे. कोणत्या कामासाठी कोणाशी बोलायचे, हे सहकाऱ्याच्या नावासह लिहून ठेवणे. आणि खऱ्या अडचणीसाठी मुक्कामाच्या घराचा क्रमांक फक्त घरच्या एका माणसाकडे देणे. दिवसातून ‘फक्त एकदा’ मेल बघण्याची सवलत स्वतःला दिली की तो एक मेल दिवसभर डोक्यात राहतो. ज्यांना ती टाळता येत नाही, त्यांनी निदान ती वेळ सकाळची ठेवू नये. जंगलाची सकाळ परत मिळत नाही.

जंगलाला आपल्या फोनचा त्रास होतो का?

होतो, आणि तो अंदाजापेक्षा जास्त आहे. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एफ-२ वाघीण आणि तिचे पाच बछडे पर्यटकांच्या जिप्सींमध्ये अडकले. चित्रफीत पसरल्यावर मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. गाड्या तिथे एकवटण्यामागे फोटो आणि व्हिडिओची ओढ होती, हे उघड आहे.

आंबोलीत जिप्सी नाहीत, पण तीच ओढ वेगळ्या रूपात दिसते. चांगल्या फोटोसाठी चापड्याला काठीने दुसऱ्या फांदीवर नेणे, बेडूक उचलून पानावर ठेवणे, एकाच जिवावर पाच-सहा टॉर्च रोखणे. बेडकाची त्वचा ओलसर आणि नाजूक असते. हाताला लागलेले सॅनिटायझर किंवा डास प्रतिबंधक मलम त्याला घातक ठरू शकते. संरक्षित प्राणी हाताळणे हा गुन्हाही आहे. कासवाच्या किनाऱ्यावर तर नियम सोपा आहे, पांढरा प्रकाश नको. पिल्ले उजळ क्षितिजाच्या दिशेने समुद्र शोधतात. फ्लॅश किंवा फोनचा पडदा त्यांना भलतीकडे वळवू शकतो.

राहिला प्रश्न लोकेशनचा. दुर्मीळ जिवाचा फोटो अचूक ठिकाणासह टाकला तर दुसऱ्या दिवशी तिथे गर्दी होते, आणि त्या गर्दीत तस्करही असू शकतो. फोटो टाकायचाच असेल तर घरी परतल्यावर टाकावा आणि ठिकाण ‘आंबोली’ किंवा ‘सिंधुदुर्ग’ एवढेच लिहावे. गाडीचा वेगही याच यादीत येतो. पावसाळी रात्री घाटरस्त्यावर चाकाखाली येणारे बेडूक आणि साप ही आंबोलीतली जुनी अडचण आहे. शक्यतो दिवस मावळण्यापूर्वी मुक्कामी पोहोचावे.

आरोग्य आणि सुरक्षेची काय काळजी घ्यावी?

सर्वात महत्त्वाचा मुद्दा माकडतापाचा. १९५७ मध्ये कर्नाटकातील क्यासनूर जंगलात आढळलेला हा विषाणूजन्य आजार २०१६ मध्ये दोडामार्ग तालुक्यात दिसला आणि पुढे सावंतवाडी तालुक्यातही रुग्ण सापडले. संसर्ग झालेली गोचीड चावल्याने तो होतो, माणसाकडून माणसाला होत नाही. धोका प्रामुख्याने डिसेंबर-जानेवारी ते मे या कोरड्या महिन्यांत असतो. नेमके उपचार नाहीत, वेळीच दाखल होऊन लक्षणांवर उपचार घ्यावे लागतात.

या काळात दोडामार्ग-सावंतवाडीच्या जंगलात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घालावेत, विजारीची टोके मोज्यात खोचावीत, सुक्या पाचोळ्यावर बसू किंवा लोळू नये. मेलेले माकड दिसले तर जवळ न जाता वनविभागाला किंवा आरोग्य केंद्राला कळवावे. परतल्यावर गरम पाण्याने आंघोळ करून मुलांचे कान, मान, काखा तपासाव्यात. आठवडाभरात अचानक ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू झाली तर डॉक्टरांना ‘आम्ही या जंगलात गेलो होतो’ हे आवर्जून सांगावे. पुण्या-मुंबईतल्या डॉक्टरला ते आपोआप सुचेलच असे नाही.

पावसाळ्यात जळवा लागतात. त्या भीतीदायक दिसतात, पण सहसा आजार पसरवत नाहीत. नखाने कडेने सरकवून काढाव्यात. गेळ्याचा कावळेसाद पॉइंट आणि धबधब्यांच्या निसरड्या कडा मात्र जीवघेण्या ठरल्या आहेत. रेलिंगपलीकडे सेल्फी नको. दोडामार्ग तालुक्यात २००२ पासून कर्नाटकातून आलेल्या हत्तींचा वावर आहे आणि त्यात माणसेही दगावली आहेत. तिलारी परिसरात पहाटे किंवा संध्याकाळी गावकऱ्यांना विचारल्याशिवाय बाहेर पडू नये. सर्पदंशात वेळ न दवडता १०८ वर फोन करून रुग्णालय गाठावे. वनविभागाची मदतवाहिनी १९२६ आहे.

इथे ‘फोन बंद’चा अर्थही नीट समजून घ्यायला हवा. एक फोन पूर्ण चार्ज करून मोठ्या माणसाकडे असू द्यावा. नकाशा आधीच ऑफलाइन उतरवावा, महत्त्वाचे क्रमांक कागदावर लिहावेत आणि रोख रक्कम ठेवावी. रेंज गेली की यूपीआयही जाते.

हे जंगल पुढे टिकेल का?

पश्चिम घाटाबाबतच्या माधव गाडगीळ समितीने २०११ च्या अहवालात सिंधुदुर्गकडे विशेष लक्ष दिले होते. त्यानंतर कस्तुरीरंगन समिती आली, मसुदे निघत राहिले. ३१ जुलै २०२४ रोजी केंद्राने पुन्हा काढलेल्या मसुद्यात सहा राज्यांतील ५६,८२५ चौरस किलोमीटर क्षेत्र पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील म्हणून प्रस्तावित होते, त्यातील १७,३४० महाराष्ट्रातले. त्याआधी मार्च २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ‘वनशक्ती’ संस्थेच्या याचिकेवर सावंतवाडी-दोडामार्ग पट्टा संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित करण्याबाबत केंद्राला निर्देश दिले होते.

जमिनीवरचे चित्र गुंतागुंतीचे आहे. खासगी मालकीच्या जंगलात रबर आणि अननसाच्या लागवडीसाठी तोड झाली. कळण्यासारख्या गावाने लोहखनिजाची खाण पाहिली. दुसरीकडे, संवेदनशील क्षेत्र झाले तर घर बांधता येणार नाही, बागायत करता येणार नाही, ही भीती अनेक गावांत आहे आणि ती नुसती खोडून काढून चालणार नाही. आपल्या जमिनीवर जंगल राखणाऱ्या शेतकऱ्याला त्यातून काय मिळते, हा त्याचा साधा प्रश्न आहे.

सुट्टीवर जाणाऱ्या कुटुंबाचा संबंध नेमका इथे येतो. मोठ्या रिसॉर्टऐवजी चौकुळ, आंबोली किंवा तिलारीच्या पायथ्याच्या गावात घरगुती मुक्काम केला, स्थानिक वाटाड्याला योग्य मोबदला दिला, परतताना कोकम आणि काजू गावातूनच घेतले, तर उभ्या जंगलाला थोडा का होईना भाव मिळतो. तोडलेल्या झाडाचे पैसे एकदाच येतात, दरवर्षी येणारा पाहुणा पुन्हा पुन्हा येतो. हा हिशेब गावाला पटला तरच पट्टा राहील.

जायचे कसे आणि किती दिवस?

कोकण रेल्वेने सावंतवाडी, कुडाळ किंवा कणकवली गाठता येते. किमान तीन रात्री हव्यात. पावसाळ्यात तिन्ही आंबोली-चौकुळला द्याव्यात. हिवाळ्यात दोन रात्री घाटमाथ्यावर आणि एक-दोन किनाऱ्यावर. दिवसाला एकच ठिकाण ठेवावे. सकाळी दोन-तीन तासांची पायी फेरी, दुपारी झोप किंवा पुस्तक, संध्याकाळी ओढ्याकाठी बसणे. ‘आठ पॉइंट एका दिवसात’ या पद्धतीने फिरायचे असेल तर त्यासाठी जंगलात जायची गरज नाही.

मुक्काम ठरवताना घरमालकाला तीन प्रश्न विचारावेत : वाटाड्या गावातलाच आहे का, रात्रीच्या फेरीसाठी वनविभागाची परवानगी लागते का आणि ती घेतली आहे का, आणि प्राणी हाताळून दाखवले जातात का. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘हो, मुलांच्या हातात देतो’ असे आले तर दुसरे घर शोधावे.